रविवारी उघडा राहिलेला पत्रा

मित्रांनो, आत्मवृत्त जन्मापासून सांगायचे असते, हे मला ठाऊक आहे. तसे सांगून पाहण्याचा प्रयत्न मी मनातल्या मनात पुष्कळदा केला. पण प्रत्येक वेळी एक पत्र मध्ये येते आणि मला पुढे जाऊ देत नाही. वहीच्या कागदावर निळ्या शाईने लिहिलेले ते पत्र आठ वर्षे माझ्या पोटातल्या लॉकरमध्ये पडून होते. ते माझ्या नावाचे नव्हते. ज्यांच्या नावाचे होते त्या दीनानाथशेठनी ते उभ्याउभ्या वाचले, घडी घातली, लॉकरमध्ये ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. उत्तर काही दिले नाही. त्या दिवसापासून मला स्वस्थता म्हणून नाही.

मी एक जुना पत्रा आहे. सध्या माझे कपाट झालेले आहे आणि सगळे मला कपाटच म्हणतात. पण मनातून मी स्वतःला पत्राच समजतो. आपली गोष्ट सांगावी एवढा मी मोठा आहे का, याचीही मला खात्री नाही. माझ्या नात्यातल्या कोणाचे पूल झाले, कोणाचे रूळ झाले. बोलायचे तर त्यांनी बोलावे. मी फक्त बावीस गेजचा, म्हणजे जाडीला तुमच्या नखापेक्षा थोडासाच जास्त. पण मला जे माहीत आहे ते त्यांना माहीत नाही, म्हणून धीर करून बोलतो.

माझा जन्म भट्टीतला. आधी मी लाल तापलेला, जाडजूड ठोकळा होतो. मला तापलेला असतानाच लाटले, मग तेजाबात बुडवून अंगावरची काळी खपली काढली आणि नंतर गार असताना पुन्हा लाटले. गार लाटणे ही साधी गोष्ट नाही. गरम लोखंड लाटण्याखाली निमूटपणे पसरते. गार लोखंड अडून बसते, आणि जितके दाबाल तितके कडक होते. लाटणाऱ्या रुळांतून निघालो तेव्हा मी पातळ आणि गुळगुळीत झालो होतो, पण अंगात इतका ताठा भरला होता की वाकवले असते तर चिरलो असतो. म्हणून मला बंद भट्टीत बराच वेळ शेकत ठेवले. तिथे तो ताठा हळूहळू गेला.

मऊ होणे माझ्या रक्तातच होते म्हणा. माझ्यात कार्बन फार थोडा. हजार भाग लोखंड घेतले तर त्यात कार्बनचा जेमतेम एक भाग, कधी तोही पुरता नाही. कार्बन जास्त असला की लोखंडाची सुरी होते, करवत होते. माझी सुरी होत नाही. मी वाकतो. माझी घडी घालून ती हातोड्याने चपटी केली तरी घडीवर भेग पडत नाही. हा माझा गुण की दुबळेपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण याच गुणामुळे माझ्या भावंडांचे मोटारीचे दरवाजे होतात, फ्रिजची अंगे होतात, सायकलींचे मडगार्ड आणि ट्यूबलाइटच्या पट्ट्या होतात. जिथे वळण हवे, जोड नीट बसायला हवा आणि वर रंग सुंदर दिसायला हवा, तिथे आम्हाला बोलावतात.

आता माझी उणीवही सांगतो. माझ्या अंगावर जस्ताचा थर नाही. तो असतो त्याला जीआय पत्रा म्हणतात. तो पावसापाण्यात उभा राहू शकतो. मला कारखान्यातून निघताना फक्त तेलाचा एक हात देतात. तेल आहे तोवर मी सुरक्षित. तेल पुसले की मी उघडा, आणि मग माझ्यावर ताबडतोब रंग चढायला हवा. माझ्या आयुष्यातले सगळे जे बिघडले ते या एका 'ताबडतोब'पाशी बिघडले.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझी गुंडाळी उलगडून तुकडे केले आणि टेम्पोने आम्ही पनवेलच्या जुन्या गावात आलो, दीनानाथशेठच्या वर्कशॉपमध्ये. शेठ तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. बोलणे कमी, नजर खाली. गिऱ्हाईक आले की तेच अवघडून उभे राहायचे, जणू दुकान गिऱ्हाइकाचे आहे. पण पत्र्यावर हात ठेवला की त्यांचा संकोच कुठल्या कुठे जाई. मला कोणत्या दिशेने लाटले आहे हे ते तळहात फिरवून सांगत, आणि घडी शक्यतो त्या दिशेला आडवी घालत, म्हणजे मी बिनतक्रार वळत असे. काटकोन हवा असला की मला नव्वद अंशांवर न थांबवता ब्याण्णव अंशांपर्यंत नेत, कारण सोडल्यावर मी थोडासा परत येतो. माझा हा हट्ट त्यांनी ओळखला होता. इतके समजून घेणारा माणूस भेटला म्हणून मी खूश होतो.

त्या वर्षी जुलैत, उरणजवळ, समुद्रकाठच्या करंजाच्या बाजूच्या एका शाळेसाठी सहा कपाटांची ऑर्डर होती. शाळेत पुस्तकांची खोली नव्याने होणार होती. पत्रा पुरला म्हणून शेठनी सात कपाटे केली. सातवा मी.

शनिवारी सकाळी कपाटे जोडून झाली. काशिराम नावाचे रंगारी तिथे कामाला होते, उरणच्या बाजूच्या गावातले, शेठच्याच वयाचे. त्यांनी आम्हा सातांचे तेल रॉकेलने काढले, सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून आम्हाला ओळीने उभे केले. तेल उतरवलेल्या पत्र्याला त्याच दिवशी लाल प्रायमर लावायचा, हा शेठचा स्वतःचाच नियम होता. दुसऱ्या कोणी तो मोडला तर एरवी न बोलणारे शेठ बोलत असत. पण त्या दिवशी रंग फवारायच्या कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला आणि पट्ट्याचे दुकान सोमवारपर्यंत बंद. अशा वेळी आम्हाला पुन्हा तेलाचा हात देऊन ठेवायचे असते. शेठ म्हणाले, एका दिवसात काय होतंय. शटर खाली आले.

मित्रांनो, तो रविवार मी विसरू शकत नाही. बाहेर पाऊस, आत दमट काळोख आणि आम्ही सात भावंडे अंगावर काही नसलेली. ओली हवा अंगाला चिकटत होती. आधी मला वाटले, हा नुसता गारवा असेल. मग एकाच्या खांद्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, चहाचा कप ठेवून उचलावा तसे फिकट तांबूस डाग उमटू लागले.

सोमवारी काशिरामनी आमच्याकडे पाहिले आणि हातातली बादली खाली ठेवली.

"शेठ, पत्र्याला गंज चढलाय. घासून घेव काय?"

शेठनी माझ्या पाठीवरून बोट फिरवले. बोट तपकिरी झाले. ते त्यांनी पँटला पुसले.

"किती वेळ लागेल?"

"सात हायत. आतून, मागनं, सगलं घासायचं. दोन दिस तरी."

"उद्या टेम्पो येतोय. बुधवारी त्यांचा कार्यक्रम आहे. पाहुणे येणार आहेत."

"मग पाहुण्यांना काय सांगाचं, कपाटं आंघोल करतायत?"

"मार रंग, काशिराम. झाकून जाईल."

"आता झाकंल. पन आत..."

"मार म्हटलं ना."

काशिरामनी रंग ढवळायला घेतला. पण पहिला हात मारताना ते तोंडातल्या तोंडात माझ्याशी म्हणाले, "माफ कर रं बाबा." मला अजून वाटते, ते वाक्य दुसऱ्या कोणी म्हणायला हवे होते.

रंग फार सुरेख बसला. माझे अंग मुळात गुळगुळीत, त्यामुळे हिरवट करडा रंग काचेसारखा दिसत होता. सहा जण टेम्पोत चढून गेले. शाळेतून फोन आला की पाहुण्यांनी कपाटांचे फार कौतुक केले. शेठनी "हो, हो, आभारी आहे" म्हटले आणि फोन लवकर ठेवला. मी कोपऱ्यात उभा होतो. माझ्या रंगाखाली कपड्यात मुंगी शिरल्यासारखे काहीतरी चालले होते, आणि ते मला कोणाला सांगता येत नव्हते.

शेठच्या पत्नी सुमतीबाईंनी माझ्या वरच्या खणांत त्यांचे जुने दिवाळी अंक रचले, शेठनी खालच्या खणांत रिवेट आणि नकाशे. जे काही चार शब्द मला येतात ते त्या अंकांच्या सहवासाने. रस्त्यावरून मोठा ट्रक गेला की माझी दारे थरथरत. दुपारी शटरमधून ऊन आले की माझी पाठ तापून फुगायची आणि 'टण्' करून आत-बाहेर व्हायची. रुंद, पातळ पत्र्याचा तो स्वभावच आहे. सुमतीबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या की म्हणत, "हे मेलं कपाट सारखं काहीतरी म्हणत असतं." त्या थट्टेने म्हणत. पण मी खरोखरच म्हणत होतो.

दोन वर्षांनी ते पत्र आले. शेठ पत्र वाचताना ओठ हलवतात, म्हणून ते मलाही कळले. आता मला ते पाठ आहे.

"दीनानाथशेठ यांस जनीचा नमस्कार. मी शाळेत झाडलोट करते. तुमी दिलेली कपाटं गंजली. रंग पापड्यासारका निघतो. हेडसर बोलतात, जनी ओल्या फडक्यानी पुसते म्हनून गंजली. मी कोरड्याच फडक्यानी पुसते. कपाटाच्या मागनं पन गंज हाय, तितं माजा हात पोचतच नाय. पन माजं कोन आयकनार. मला पुस्तकांच्या खोलीत जायला बंदी केली. पगार चालू हाय, त्याचं काय नाय. पन पुसता पुसता मी एक एक पुस्तक वाचायची. एका पुस्तकात शंभराव्या पानावर मी झाडूची काडी ठेवलीय. तुमी पत्रा वलकता. ओल्या फडक्यानी असा गंज येतो का, हो का नाय, येवढंच कागदावर लिवून पाटवा. फोन नको, कागद दाकवता येतो."

शेठ त्या आठवड्यात तीन वेळा कागद घेऊन बसले. 'जनीबाई यांस' एवढे लिहून तीन कागद फाडले. मग म्हणाले, पावसाळा संपला की स्वतःच जाऊन येऊ. पावसाळा संपला. मग त्यांना एक वाक्य सापडले आणि ते वाक्य त्यांनी आठ वर्षे जवळ बाळगले: समुद्राची हवा आहे तिथे, तिने खरेच ओल्या फडक्याने पुसले असेल तर? हे ते मोठ्याने म्हणत नसत. पण माझ्यासमोरून जाताना मान वळवून जात, तेव्हा ते मला ऐकू येई.

वर्षे गेली. लोकांना प्लायवुडची कपाटे आवडू लागली. पत्रा वाकवायचे मशीन गेले, कॉम्प्रेसर गेला. काशिराम गावी परतले. मला कोणी उघडेनासे झाले. या सप्टेंबरात शेठच्या मुलाने, देवेशने, पनवेलजवळच करंजाडेला फ्लॅट घेतला आणि ठरले की आईवडिलांनी आता तिकडे राहायचे आणि वर्कशॉप बंद करायचे. गुरुवारी भंगारवाला येणार होता. माझ्यावर खडूने फुली मारून झाली होती.

भंगारात जाण्याचे मला दुःख नव्हते. आम्ही वितळतो आणि पुन्हा लाटले जातो. लोखंडाला तेवढी सोय आहे. पण माझ्याबरोबर ते पत्र जाणार होते. शिवाय, त्या सात भावंडांपैकी ज्याला कधी कोणाचे फडकेच लागले नाही असा मी एकटाच उरलो होतो. मी गेलो की जनीबाईंच्या बाजूने बोलणारे काहीच उरणार नव्हते. बुधवारी दुपारी माझी पाठ इतक्या वेळा वाजली की सुमतीबाई मला रिकामे करता करता थांबल्या.

"अहो, या लॉकरची किल्ली कुठंय?"

"त्यात काही नाहीये."

"काही नाही तर किल्ली खिशात कशाला?"

शेठ जमिनीवर बसून रिवेट निवडत होते, लहान एकीकडे, मोठे एकीकडे. त्यांनी वर न बघता किल्ली पुढे केली. सुमतीबाईंनी पत्र काढले, चष्मा लावला आणि सगळे वाचले. मग पुन्हा एकदा वाचले.

"उत्तर दिलंत?"

शेठ रिवेट निवडतच राहिले.

"अहो, ते रिवेट उद्या भंगारात जाणारेत. निवडताय काय? उत्तर दिलंत का, विचारतेय."

"द्यायचं राहिलं."

"आठ वर्षं?"

"लिहायला बसलो होतो गं. तीनदा बसलो."

"हो किंवा नाही विचारलंय तिनं. एका शब्दाला तीनदा बसावं लागलं?"

शेठ उठले, हात झटकले, आणि अखेर ते वाक्य बाहेर पडले. "आणि समज, तिनं खरंच ओल्या फडक्यानं पुसलं असेल तर? खारी हवा असते तिथं. मी काय तिथं उभा होतो बघायला?"

सुमतीबाईंनी माझ्याकडे बघितले. त्यांच्या हातात माझ्या खणातला एक दिवाळी अंक होता. त्यांनी तो उलटा केला. मागचे पान तांबडे झाले होते.

"आणि या कपाटाला कोणी पुसलं ओल्या फडक्यानं?"

"कोणी?"

"तेच विचारतेय. तुम्ही तर नाहीच. आणि मी म्हणाल तर ही धूळ बघा, दहा वर्षांत याला कोरडं फडकंसुद्धा लागलेलं नाही, माझीच अब्रू काढतेय मी. मग माझे अंक मागून तांबडे का झालेत? मी आपली समजत होते, कागद जुना झाला."

शेठ माझ्याजवळ आले. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तळहात माझ्या आतल्या पाठीवर ठेवला, पूर्वी ठेवत तसा. रंग बाहेरून धड होता, पण हाताखाली बारीक फुगवटे लागत होते. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एक पापुद्रा उचलला. खाली मुंग्यांच्या वाटांसारख्या तांबड्या रेषा पसरल्या होत्या. त्यांनी दुसरीकडे उचलला, मग अगदी वर, जिथे खणामागे कोणाचा हात जात नाही तिथे. सगळीकडे तेच.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"इथं फडकं कधी आलंच नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी काशिरामना फोन लावला. सुमतीबाईंनी स्पीकर चालू करून दिला.

"काशिराम, मी दीनानाथ. तुमच्या बाजूला त्या शाळेत जनी म्हणून..."

"शेठ? जिते हाव ना? किती वर्सांनी. जनी हाय की. दिवालीच्या सुट्टीला रिटायर होतेय."

"पुस्तकांच्या खोलीत जाते का ती?"

"नाय. हेडसर बदलले दोन, पन ते रजिस्टरला लिवून ठेवलंय ना, जनीला खोली नाय. नवीन मानूस येतो तो तेच वाचतो. पोरं पन बोलतात, गंजवाली मावशी. ती हसते वरवर. का वो, काय झालं?"

शेठनी माझ्या दाराची कड घट्ट धरली.

"काशिराम, तू त्या सोमवारी म्हणाला होतास, घासून घेऊ."

"बोललो व्हतो."

"मी नको म्हटलं."

"तुमी नको बोल्लाव."

"ते मी आता तिला लिहितोय."

"लिवा," काशिराम म्हणाले. "आनी शेठ, जरा मोठ्या अक्षरात लिवा. तिला आता कमी दिसतं."

मित्रांनो, त्यानंतरचे मी थोडक्यात सांगतो, कारण ते माझ्याविषयी आहे आणि मला संकोच वाटतो. शेठनी माझी पाठ उजेडाकडे वळवली, खिळ्याने तळहाताएवढा चौकोन आखला, कोपऱ्यात भोक पाडले आणि पत्र्याची कातर आत घातली. दुखले का, असे विचाराल. पत्र्याला दुखत नाही असे पुस्तकांत आहे. मी पुस्तकांच्या विरोधात जात नाही. चौकोनाच्या अर्ध्या भागावर त्यांनी रंग तसाच ठेवला आणि अर्ध्यावरचा खरवडला. वर चांगला रंग आणि खाली गंज, दोन्ही एका नजरेत दिसावे म्हणून. मग चारही कडा आत दुमडून लाकडी हातोड्याने चपट्या केल्या.

"आता हे कशाला?" सुमतीबाईंनी विचारले.

"कापलेली कड असते. तिचा हात कापेल."

मी दुमडलो. एकाही घडीवर भेग पडली नाही. इतक्या वर्षांनी, इतका गंज सोसून, माझा तेवढा मऊपणा शिल्लक आहे हे पाहून मला बरे वाटले. शेठनीही घडीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

मग ते पत्र लिहायला बसले. पहिले वाक्य लिहून त्यांनी सुमतीबाईंना वाचून दाखवले. "आपले पत्र मिळाले. उत्तरास थोडा विलंब झाला, त्याबद्दल..."

"थोडा?"

शेठनी ते खोडले. पुढचे पत्र मोठ्या अक्षरांत, असे लिहिले:

"जनीबाई, नमस्कार. उत्तराला आठ वर्षे उशीर झाला. तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर: नाही. कपाटे तुमच्या फडक्याने गंजलेली नाहीत. रंग देण्याआधीच त्यांच्यावर गंज आला होता. तो मला दिसला होता. काशिराम यांनी घासायला सांगितले, मी घासू दिले नाही. दोष सर्वस्वी माझा आहे. त्याच दिवशी केलेले सातवे कपाट माझ्याकडे आहे. त्याला दहा वर्षांत कोणी फडके लावले नाही, तरी ते आतून तसेच गंजले आहे. त्याच्या पाठीचा तुकडा सोबत पाठवतो. हे पत्र आणि तुकडा हेडसरांना दाखवावा आणि रजिस्टरमधली नोंद काढून घ्यावी. कोणाला खात्री करायची असेल तर कपाट मी करंजाडेला नेत आहे, केव्हाही येऊन पाहावे."

याच्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. ती लिहिताना डावा हात आडवा धरला होता, म्हणून मला दिसली नाही. सुमतीबाईंनाही दाखवली नाही.

"नव्या घरात भोकाचं कपाट नेणार?" त्या म्हणाल्या. "देवेश काय म्हणेल?"

"म्हणू दे."

शेठनी ओल्या बोटाने माझ्यावरची खडूची फुली पुसली. मग मला पाहून ओशाळले आणि ती जागा शर्टाच्या बाहीने लगेच कोरडी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोस्टात निघाले. मी वर्कशॉपमध्ये राहिलो आणि मीच जाड पाकिटात त्यांच्या काखेत होतो. तो तुकडा म्हणजे मीच ना? पाकिटाच्या अंधारात जाताना तुम्हाला काय सांगावे याचा मी विचार करत होतो. उपदेश करण्याचा माझा अधिकार किती, मला माहीत नाही. एका रविवारी उघडा राहिलेला पत्रा मी. पण एवढे ऐका. तुमच्या घरात, शाळेत, कुठेही एखादी वस्तू खराब झालेली दिसली तर ती पुसणाऱ्याच्या हाताकडे लगेच बोट दाखवू नका. ती करताना काय झाले होते, तेही विचारा. आणि वस्तू करणारे तुम्ही असाल, आज ना उद्या असालच, तर धुतलेल्या पत्र्याला वाट पाहायला लावू नका. तसेच कोणी कागदावर साधा प्रश्न विचारला असेल तर त्यालाही नका. दोन्ही गोष्टी वरून चांगल्या दिसत राहतात, आणि आत काय चालले आहे ते फक्त आम्हाला कळते.

पोस्टात रांग होती. शेठनी मागच्या दोन माणसांना आपल्या पुढे जाऊ दिले. मला भीती वाटली की ते परत फिरतात की काय. तिसऱ्या माणसालाही ते "तुम्ही व्हा पुढे" म्हणाले, पण तो म्हणाला, "काका, नंबर तुमचा आहे, घ्या ना उरकून." मग ते खिडकीशी गेले. आत एक तरुण मुलगी बसली होती.

"काका, आत काय आहे?"

"पत्र आहे. आणि लोखंडाचा एक तुकडा."

"कडा लागतील का? मागे एकानं सुरी पाठवली, ती पोत्यातून बाहेर आली."

"नाही लागणार. दुमडल्यात. हात फिरवून बघा हवं तर."

तिने पाकिटात दोन बोटे घालून माझ्या कडेवरून फिरवली आणि मला अर्धा बाहेर काढून बघितले.

"अहो, पण हा गंजलाय. गंजलेला कशाला पाठवताय?"

मागे पाच-सहा माणसे होती आणि सगळी ऐकत होती. शेठचे कान लाल झाले.

"गंजलेलाच पाठवायचाय," ते म्हणाले. "माझ्या हातून गंजलाय."

मुलीने त्यांच्याकडे एकदा पाहिले, पाकीट चिकटवले, वजन केले. पाठवणाऱ्याचे नाव विचारले. शेठनी पूर्ण नाव सांगितले, आणि तिला नीट ऐकू गेले नाही म्हणून पुन्हा, मोठ्याने सांगितले. शिक्का बसला. तिने मला मागच्या पोत्यात टाकले. माझ्यावर आणखी दोन पाकिटे पडली, आणि त्यांच्यातून मला शेठचा आवाज आला. ते मागच्या माणसाला म्हणत होते, "या, माझं झालं."